पाठ नसलेलं उत्तर

भात खाताना दाताखाली खडा यावा, तसं रत्नमालाचं झालं. आश्विनातला रविवार, दुपारचे अडीच वाजलेले. कारंज्याच्या बायपासला लागून असलेल्या आपल्या घराच्या मागच्या खोलीत ती नववी 'अ'चे विज्ञानाचे पेपर तपासत बसली होती. अठरा पेपर झाले होते. पानांमागून पानं इंग्रजी अक्षरांची रांग, कुठं तिरपी, कुठं बुटकी, कुठं रेघेवरून घसरलेली. आणि लाल पेन त्या रांगेवरून कसं सरावानं चाललं होतं, वाचल्यासारखं करत, न वाचता. एकोणिसाव्या पेपरला तिसऱ्या प्रश्नाच्या तिसऱ्या पोटप्रश्नावर पेन अडकलं. मधेच देवनागरी. नऊ ओळी. वर इंग्रजी, खाली इंग्रजी, आणि मधे ह्या नऊ ओळी, परक्याच्या लग्नात पंगतीला बसलेल्या बाईसारख्या, अंग चोरून पण ताठ. 'मातीच्या माठातले पाणी थंड का राहते, शास्त्रीय कारण द्या,' असा प्रश्न इंग्रजीतून होता, तीन मार्कांचा. पोरीनं लिहिलं होतं: 'माठाले घाम येते. तो घाम वाळतानी उष्णता घेऊन जाते. ते उष्णता आतल्या पान्याची अस्ते म्हणून आतलं पानी थंड होते. ज्या माठाची छिद्रं बुजली तो माठ पानी थंड करत नाही, लोक म्हनतात माठ बिघडला. तो बिघडत नाही. त्याले घाम येनं बंद होते. माही आई तो विटेच्या तुकड्यानं बाहेरून घासते, मंग तो पुन्हा थंड करते. पावसाळ्यात हवेतच पानी अस्ते म्हनून घाम वाळत नाही, तवा माठ असून नसून सारखा.' पेपरवर नाव होतं, शीला मदनसिंग आडे.

रत्नमालाने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायला लागली तेव्हा तिला स्वतःचाच राग आला. आधीच्या अठरा पेपरांत हेच उत्तर होतं, तिनं लिहून दिलेलं, शब्दाला शब्द. 'द अर्दन पॉट हॅज मायन्यूट पोअर्स. वॉटर उझेस आउट.' आणि अठरापैकी अकरा जणांनी त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'सिट डाउन लखीराम.' मग पुढं, 'इट इव्हॅपोरेट्स.' त्याची एक कहाणी होती. नऊ वर्षांमागं ती हे उत्तर वर्गाला चालीवर सांगत होती. चालीवर सांगणं हीच तिची पद्धत, साऱ्या तालुक्यात नाव काढलेली. उत्तराचे तुकडे पाडायचे, तुकड्यांना ओवीची लय द्यायची, पोरांनी डोलत डोलत म्हणायचं, आठ दिवसांत सारा वर्ग तोंडपाठ. तर त्या दिवशी लखीराम नावाचं पोरगं मधेच उभं राहिलं, 'मॅडम, उझेस म्हंजे का?' आणि तिनं लय न मोडता त्याच ठेक्यात सांगितलं, 'सिट डाउन लखीराम.' ते असं चपखल बसलं, की पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मग त्या वह्या मोठ्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे, ह्या गावातून त्या तांड्यावर फिरत राहिल्या. लखीराम शाळा सोडून कधीच गेला. कुठं आहे कोणाला माहीत नाही. पण दर वर्षी दहा-बारा पेपरांत तो माठाजवळ येऊन बसतो. रत्नमाला त्याचे मार्क कापत नाही. पेनानं हलकं वर्तुळ करते, पुढं जाते. तिनं कोणालाही हे सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. पहिल्या वर्षी एकटीनं हसून घेतलं होतं, आणि दुसऱ्या वर्षी हसू आलं नव्हतं.

पेपर ऐंशीचा, अठ्ठावीसला पास. तिनं शीलाच्या बाकीच्या उत्तरांची बेरीज केली. पंचवीस. पुन्हा केली. पंचवीसच. म्हणजे नऊ ओळींना तीन पैकी तीन दिले तर पोरगी बरोबर रेघेवर उभी, न दिले तर रेघेखाली. आणि ह्या शाळेत रेघेखाली जाणं म्हणजे नुसतं नापास होणं नव्हतं. शाळा दोन मजली. वरच्या मजल्यावर 'अ' तुकडी, सेमी. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. खालच्या मजल्यावर 'ब', पुरती मराठी. पोरं अ-ब म्हणत नाहीत, वरचा वर्ग आणि खालचा वर्ग म्हणतात. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून शाळेची एक रीत पडलेली. नववीच्या पहिल्या सत्रात जे विज्ञानात रेघेखाली जातात, त्यांची नावं दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दिवशी वर्गात वाचायची. ज्याचं नाव आलं त्यानं आपलं दप्तर उचलायचं आणि बावीस पायऱ्या उतरून खाली जायचं. 'उतरला' म्हणतात त्याला. खाली विज्ञानाचा मास्तर तीन वर्षांपासून नाही, जागा रिकामी. खालचे लोक विज्ञानाच्या तासाला पुस्तकातले धडे वहीत उतरवून काढतात. रत्नमाला वरून त्यांचा गलका ऐकते. दोन तास खाली घेईन, असं तिला एकदा म्हणावंसं वाटलं होतं. कधी वाटलं होतं ते आठवत नाही. म्हटलं नाही एवढं आठवतं.

आणि शीलाचं तर तिला माहीत होतं. दसऱ्याच्या आधी पालकसभेला तिची माय आली होती, भुरीबाई. तांड्यावरून दोन मैल पायी आणि पुढं बसनं. कपाळावर उन्हाची रेघ, हातात पोराचं बोट, आणि बोलायला मोकळी. 'मॅडम, पोरगी घरी इंग्रजी बोलते. डोलू डोलू बोलते. मी म्हनलं, का बोलून राह्यली वं? तं सांगतच नाही. म्या म्हनलं, मायले शिव्या तं नाही देऊन राह्यली?' सगळ्या बाया हसल्या. रत्नमालाही हसली. 'अभ्यास आहे तो, भुरीबाई.' 'अभ्यास अशीन तं मले सांगाले का झालं? गानं अस्तं तं मानूस सांगते, हे पावना येतानीचं हाय, हे लेक जातानीचं हाय.' मग हसू तसंच तोंडावर ठेवून ती म्हणाली, 'तुमाले सांगून ठेवतो. दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले जातो, माहा मालक अन् मी. वरच्या वर्गात हाय तवर पोरीले सासूपाशी ठेवू. मालक म्हनते, वरचं शिक्षन सोडाव नाही. पन खाली आली तं मंग कायले ठेवाव? खालच्या शिक्षनानं का होते? ह्या लहान्याले पाह्याले तिकडं फडात कोनी तं पाह्यजे.' तिनं पोराचं बोट हलवून दाखवलं, जणू तोच साक्षीदार. रत्नमाला म्हणाली होती, 'हुशार आहे तुमची शीला. काही होत नाही.' हुशार आहे हे तिनं सगळ्याच मायांना सांगितलं होतं त्या दिवशी.

पेपर बाजूला सारून ती उठली. पाणी प्यावं म्हणून स्वयंपाकघरात गेली आणि मागच्या दारापाशी थांबली. दारामागं तीन माठ होते. गेल्या तीन उन्हाळ्यांचे. एकात कोरफड लावलेली, एकात मनीप्लांट, तिसरा नुसताच पालथा, ओट्यावरच्या नव्या माठानं हद्दपार केलेला. दर उन्हाळ्याच्या शेवटी ती म्हणायची, 'हा माठ बिघडला,' आणि नवरा, प्रसेनजित, बाजारातून पुढच्या साली नवा आणायचा. चौदा वर्षं ती 'मायन्यूट पोअर्स' शिकवत होती आणि चौदा वर्षांत एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं, की ती बारीक छिद्रं म्हणजे ह्याच माठाची, ह्याच दारामागची. ती इंग्रजीतली छिद्रं होती. पुस्तकातल्या चित्रातल्या माठाला होती. तिनं पालथा माठ सुलटा केला, अंगणातल्या कुंपणाशी पडलेला विटेचा तुकडा घेतला आणि उन्हात उकिडवी बसून बाहेरून घासायला लागली. तांबडी पूड मनगटावर उडत होती. शेजारची बाई कुंपणावरून म्हणाली, 'मॅडम, दिवाळीचं निघालं वाटते?' ती म्हणाली, 'हो, दिवाळीचं.'

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं शीलाला प्रयोगशाळेत बोलावलं. प्रयोगशाळा म्हणजे कपाट लावलेली खोली. कपाटाच्या काचेमागं बाटल्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या. पोरगी दाराशी उभी राहिली, वेणीचं टोक हातात धरून.

'पेपर लिहिला तो आठवते?'

'हो मॅडम.'

'सगळं इंग्रजीत लिहिलं. माठाचंच काहून मराठीत लिहिलं?' काहून हा शब्द रत्नमालाच्या तोंडून शाळेत सहसा निघत नसे. निघाला.

'चुकलं मॅडम.'

'चुकलं ते झालं. मी काहून विचारते.'

शीलानं कपाटाकडे पाहिलं. मग साधं सांगितलं, 'बाकीचं पाठ होतं मॅडम. हे मले येत होतं.'

बाहेर पोरं ओरडत होती, नळावर ढकलाढकल चालली होती. रत्नमालाने विचारलं, 'पण ह्याचं उत्तर पाठ नव्हतं केलं?'

'केलं होतं ना. त्या लखीरामसकट केलं होतं. पन लिवाले बसली तं आमच्या घरचा माठ दिसला, माही याडी घासते तो. मंग ते इंग्रजी आठवेच ना. म्हनलं, आता येते तसं लिहून टाकाव.' मग तिच्या अंगात थोडं धैर्य आलं. 'मॅडम, तो लखीराम कोन होता? रूपा म्हनते शास्त्रज्ञ अशीन.'

'कोणी नाही.'

'खोडून टाकू वहीतून?'

'टाक.' पोरगी जायला वळली, आणि पुन्हा थांबली. 'मॅडम, उत्तर तं बरोबर हाय ना?' रत्नमालाला हो म्हणायचं होतं. ती म्हणाली, 'बघते मी.' हे 'बघते मी' तिचं नव्हतं. कुणाचं होतं ते तिला जिन्यावर आठवलं, आणि ती कठडा धरून उभी राहिली.

अमरावती. त्र्याण्णव साल. धनजहून निघालेली रत्नमाला, दौलतरावाची लेक, दहावी-बारावी मराठीतून फर्स्टक्लास, आणि बी.एस्सी.च्या वर्गात पहिल्या दिवसापासून बहिरी. सर फळ्याकडे तोंड करून इंग्रजीत बोलायचे, आणि तिला वाटायचं आपण विहिरीच्या तळाशी बसलोय, वर काठावर माणसं बोलतायत. पोरी हसल्या की तीही हसायची, एक क्षण उशिरा. महिन्याभरानं चाचणी झाली. एका प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं, आतून, बाहेरून, उलटं, सुलटं. पण इंग्रजीतून बाहेर येईना. वेळ संपत आला तेव्हा तिनं ते मराठीत लिहून टाकलं. तेव्हा पेपर द्यायच्या वेळी तिनं सरांना विचारलं होतं, 'सर, उत्तर मराठीत लिहिलंय, चालेल ना?' सर म्हणाले होते, 'बघतो मी.' आणि चार दिवसांनी त्यांनी ते उत्तर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं, गावाकडच्या हेलात, अनुनासिक, एकेका शब्दावर थांबत. वर्ग हसला. नव्वद माणसांचा वर्ग. हिरव्या शाईचा फराटा. ते उत्तर कशाचं होतं हे रत्नमालाला आज आठवत नाही. प्रकाशाचं होतं की उष्णतेचं, काहीच नाही. बरोबर होतं, एवढं पक्कं आठवतं, आणि हसू आठवतं. त्या शनिवारी ती घरी आली. माय, लिलाबाई, जात्यावर तुरी भरडत होती. लेक जवळ येऊन बसली, मायनं तिच्याकडे एकदा पाहिलं. खुंटा फिरवता फिरवता तिनं मनचीच एक ओवी जुळवली,

माही लेक शिकते गं, परक्या बोलीची ईद्या
आज तोंडपाठ केली, समजन म्हने उद्या

लेकीनं मायच्या मांडीवर डोकं ठेवलं. जात्याची घरघर कानातून हाडात उतरत होती. तिथंच तिला ती युक्ती सापडली. सोमवारी अमरावतीला परत गेली आणि हॉस्टेलच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागं बसून तिनं बॉइलचा नियम मायच्या चालीवर बसवला. समजलं नाही. पण बसला. मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. तीन वर्षांत तिनं सगळं बी.एस्सी. दळून काढलं, आणि उद्या समजेल, उद्या समजेल म्हणता म्हणता बी.एड. झालं, नोकरी लागली, लग्न झालं, माय वारली. उद्या काही आला नाही. आला असेल तर ती तेव्हा पेपर तपासत असेल.

चौदा वर्षांमागं शाळेत सेमी सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या सभेत एक ठराव झाला होता. सेमीच्या इंग्रजी पेपरात मराठीत लिहिलेल्या उत्तराला शून्य. तो कोणी मांडला होता, हे इतिवृत्तात असेल. रत्नमालाला इतिवृत्त पाहायची गरज नव्हती. मीच मांडला. का मांडला तेही तिला स्वच्छ आठवत होतं. माझ्या पोरांना कोणी हसू नये म्हणून. पुढं कॉलेजात, कोण्या वर्गात, कोण्या हिरव्या शाईनं. तेव्हा तिला वाटलं होतं ती दार बंद करतेय, वारं आत येऊ नये म्हणून. आत कोण राहिलं, बाहेर कोण, हे पाहायचं राहून गेलं.

बुधवारी मुख्याध्यापकांनी यादी मागितली. गोपीचंद सर, कारंज्याचेच, स्वभावानं मोकळे, सगळ्या शिक्षिकांना ताई म्हणणारे. पानाची डबी टेबलावर उघडी. रत्नमालाने शीलाचा पेपर त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि नऊ ओळी वाचल्या. वाचताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला.

'बुवा, पोरगी हाय हुशार. माह्या घरचाही माठ असाच फेकला परवा.'

'उत्तर बरोबर आहे सर.'

'बरोबर तं हाय. पन ताई, बोर्डाचा पेपर तपासनारा का तुमच्या तांड्यावर येनार हाय माठ पाह्याले? त्याच्या हातात इंग्रजीचं उत्तर लागते.'

'तीन मार्कांनी उतरते ती. उतरली तर ऊसतोडीला नेतील.'

'मंग द्या की तीन मार्क. तुमच्या हातात पेन हाय. मी कधी नाही म्हनलं?' सर डबी बंद करत म्हणाले. 'फक्त एवढं पाहा, मंग उद्या दुसऱ्या पोरानं सारा पेपर मराठीत लिवला तं त्याले का सांगान? अन् ज्यायनं रातंदिवस घोकलं, त्यायनं तुमचं का घोडं मारलं? ठराव तुमचाच हाय, मोडनाऱ्या तुमीच. मी सही करतो, कशावरही करतो.' त्यांनी खरंच पेनाचं टोपण काढलं. त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, आणि तेच जड होतं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर तिला भांडता आलं असतं. 'उद्या देते यादी,' ती म्हणाली.

त्या संध्याकाळी प्रसेनजित कामावरून आला, वीज मंडळाची बॅग खुंटीला लावली, आणि ओट्यावरून ग्लास भरून घटाघटा प्यायला. मग ग्लास तोंडापासून दूर धरून म्हणाला, 'पाणी मस्त गार आहे. नवा आणला काय माठ?' 'जुनाच आहे,' ती म्हणाली. 'दोन सालामागचा.' 'कसा काय?' आणि तिनं सांगितलं, छिद्रं, घाम, वाळणं, वीट. सांगताना तिच्या लक्षात आलं, की हे ती कोणाला तरी पहिल्यांदाच सांगतेय. न डोलता. प्रसेनजित म्हणाला, 'च्यायला, एवढं सोपं?' आणि अजून एक ग्लास प्यायला. तो टीव्ही लावायला गेला तेव्हा तिनंही एक ग्लास घेतला. पाणी घशातून छातीत उतरलं तशी ती सबंध निवली. नऊ ओळी खऱ्या होत्या. आता त्यात शंकेला जागाच राहिली नव्हती. ती मागच्या खोलीत आली, खुर्चीवर बसली आणि एकोणिसावा पेपर पुढ्यात घेतला.

तिला वाटलं होतं आता हात आपोआप तीनचा आकडा काढेल. हात थांबला. कारण तीन काढला, की आधीच्या अठरा पेपरांकडे पाहावं लागणार होतं. तिथंही तीन-तीनच होते. लखीरामाला तीन, आणि हिलाही तीन? मग ते तीन कशाचे होते? आणि ते जर कशाचेच नसतील, तर चौदा वर्षांचे शंभर टक्के कशाचे? पेढे कशाचे, भिंतीवरचे फोटो कशाचे, तालुक्याच्या सभेत तिची चाल म्हणून दाखवायला उभं केलं होतं ती टाळी कशाची? आणि त्याच्याही मागं गच्चीवरची ती पोरगी, टाकीमागं बसून डोलणारी. तीन वर्षं. तिला कोणी तीन मार्क दिले होते? तिनं सोसलं. मागितलं नाही. ह्या शेवटच्या विचाराची रत्नमालाला किळस आली, पण तो गेला नाही; तो तिथंच मांडी घालून बसला, घरच्यासारखा. शीलाचा तिला हेवा वाटत होता. तांड्यावरच्या, चौदा वर्षांच्या, एकाच गणवेशात आठवडा काढणाऱ्या पोरीचा. जिला येत होतं, आणि जिनं, येते तसं लिहून टाकाव, असं म्हटलं आणि लिहिलं, आणि जिला कोणी हसलं नाही. हसायची गरज नव्हती. लाल शाई गुपचूप करते ते. समोरच्या खोलीत टीव्हीवर कोणीतरी बातम्या सांगत होतं. रत्नमालाने नऊ ओळींच्या पुढं समासात एक शून्य काढलं, गोल, नीट जुळवलेलं. खाली बेरीज लिहिली, पंचवीस. मग विसावा पेपर घेतला.

दिवाळी गेली. शाळा उघडली तो दिवस स्वच्छ होता. कपाशीच्या गाड्या बाजाराकडे लागलेल्या, रस्त्याच्या बाभळींना पांढरे पुंजके अडकलेले. पहिल्या तासाला तिनं यादी वाचली. पाच नावं. वाचताना ती यादीकडेच पाहत होती. शिरस्ता असा की बाकीच्यांनी फळ्याकडे तोंड करून बसायचं, उतरणाऱ्याकडे पाहायचं नाही. हाही शिरस्ता कधीतरी दयेपोटीच पडला असेल. चार पोरं दप्तरं उचलून निघून गेली. त्यांच्या चपला पायऱ्यांवर वाजत खाली गेल्या. शीलाला वेळ लागला. तिनं आधी बाकाखालून डबा काढला, मग कंपासपेटी, मग ओढणीच्या टोकानं बाक पुसला, आपली जागा आणि शेजारच्या रूपाची पण. दारापाशी आली आणि थांबली. निघताना बाईमाणूस 'येते' म्हणतं. पण ह्या वर्गात विज्ञानाच्या तासाला मराठी बोलायची मनाई, आणि वर्गातून बाहेर जायचं एकच वाक्य पोरांना शिकवलेलं, लघवीला जाताना म्हणायचं. पोरगी आज्ञाधारक. ती म्हणाली, 'मे आय गो आउट, मॅडम?'

कोणीतरी खुसकन हसलं, आणि थांबलं.

'यस,' रत्नमाला म्हणाली.

ती शीलाच्या पायऱ्या मोजत नव्हती, तरी बावीस झाल्या हे तिला कळलं. त्यानंतर खालच्या वर्गाचं दार वाजायला हवं होतं. ते वाजलं नाही.

तिसऱ्या दिवशी खालच्या वर्गाच्या शिक्षिका, उज्ज्वला मॅडम, हजेरी सुरू व्हायच्या आधी वर आल्या. हातात चिठ्ठी. 'रत्नमालाताई, हे चार नावं घेतली मी माह्या हजेरीत. हे पाचवं घ्या बाई वापस.'

'का?'

'माह्या वर्गात तिनं पायच नाही ठेवला. उतरली अन् सरळ फाटकातून गेली. आली नाही ते माही कशी होईन? उद्या गळती विचारतीन तं माह्या नावावर? तुमच्या वर्गातून गेली, तुमच्या हजेरीत राहू द्या.' त्या रागावलेल्या नव्हत्या. चिठ्ठी टेबलावर डस्टरखाली ठेवून गेल्या.

रत्नमालाने हजेरी उघडली. तिथं तिनं पहिल्या दिवशी पट्टी लावून लाल रेघ मारली होती, तिच्याच वर पुन्हा बारीक अक्षरात नाव लिहिलं. मग आकडे पुकारायला लागली. 'यस मॅडम, यस मॅडम' अशी माळ बाकांवरून सरकत आली. ती पंचवीसवर आली, सव्वीसवर आली. 'ट्वेंटी सेव्हन,' तिनं म्हटलं.

मागच्या बाकावरून एकानं हळूच सांगितलं, 'ॲबसेंट मॅडम.'

'व्हेअर इज शी?' हे तिनं विचारलं ते निव्वळ जिभेच्या सवयीनं. विचारल्यावर तिला कळलं, की हा प्रश्न कुठल्याच धड्याखाली नाही, ह्याचं उत्तर कोणाच्याच वहीत नाही. वर्ग एकमेकांकडे पाहायला लागला. खिडकीतून उन्हाची पट्टी तिसऱ्या बाकावर आली होती, तिथं रूपा एकटीच बसली होती, अर्ध्या बाकावर, शीलाची जागा सोडून. तीच उठली. ती शीलाच्याच बसनं येणारी. तिनं बाकाची कड धरली. ओठ हलवून बघितले, काही जुळवलं, पुसलं, पुन्हा जुळवलं. सगळा वर्ग तिच्याकडे पाहत होता.

'शीला गो, मॅडम,' ती म्हणाली. 'मॉर्निंग. बिग ट्रक.' थांबली. कपाळाला आठी पडली. 'मदर गो. फादर गो. शीला सिट... सिट ऑन बॅग. स्मॉल ब्रदर इन लॅप.' मग बराच वेळ ती एक शब्द शोधत राहिली. पायाचा अंगठा फरशीवर घासत होती. सापडला तेव्हा मान वर करून म्हणाली, 'शीला नॉट क्राय, मॅडम.'

चौदा वर्षांत ह्या खोलीत कोणा पोरानं इंग्रजीतलं एक वाक्य स्वतःचं केलं नव्हतं. रत्नमालाला त्यातलं सगळं समजलं, शब्द न शब्द, ऐकता ऐकताच. तिनं पेन हजेरीवर टेकवलं होतं ते तसंच होतं, आणि त्याखाली शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. रूपा उभीच होती, बरोबर की चूक ते ऐकायला.